लाखाचं नाणं आणि शंभरचं पाकीट

माझ्या आत्याचा फोन एरवी फक्त सणावाराला येतो. मागच्या महिन्यात मात्र मंगळवारी भरदुपारी आला. मी ऑफिसात प्रूफं वाचत बसले होते. "अगं, तू पेपरात असतेस ना, तुमच्याकडे नाण्यांचं कुणाला कळतं का?" आवाज दबका. काहीतरी गडबड आहे हे तिथेच कळलं.

तिच्याकडे पाच रुपयांचं एक नाणं होतं, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं. मोबाइलवर एक व्हिडिओ आला, 'हे नाणं असेल तर मिळवा दहा लाख'. खाली नंबर. तिने फोटो पाठवला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला, 'मावशी' म्हणाला. आधी नोंदणीचे अकराशे मागितले. मग रिझर्व्ह बँकेच्या चिन्हाचं एक पत्र पाठवलं आणि टॅक्स म्हणून साडेसहा हजार. ते दिल्यावर 'कुरिअर विमा' निघाला, तेव्हा आत्याने मला फोन केला. पैसे गेले ते गेलेच. तक्रार नोंदवली, पण तिला पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. "मी दहावी पास बाई, मला कसं कळलं नाही?" हे ती चार वेळा म्हणाली.

तुमच्याही घरात अशी एक आत्या, एखादे काका किंवा आजोबा असतील. कदाचित त्यांनी तुम्हाला अजून सांगितलं नसेल.

त्या रात्री मी ठरवलं होतं की या पानासाठी एक सणसणीत लेख लिहायचा, 'जुन्या नाण्यांचा धंदा सगळा बोगस'. माहिती काढायला फोर्टात गेले. तिथे फुटपाथवर नाण्यांचे ढीग लावून बसणाऱ्या एका काकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, व्हिडिओ खोटा. पण टांकसाळीची चूक खोटी नाही." आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढून हातावर ठेवलं. एका बाजूला सिंहमुद्रा. उलटं केलं तर दुसऱ्या बाजूलाही तीच, पण आत खचलेली आणि आरशात बघावं तशी उलटी. मी थक्क. लेखाचा मथळा तिथेच गळून पडला.

तर मित्रांनो, आज दोन गोष्टी एकदम सांगायच्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. एक, लाखांची आमिषं दाखवणारे ते रील्स शुद्ध लबाडी आहेत. दोन, चुकीची नाणी खरंच असतात, ती शोधणं हा भन्नाट छंद आहे आणि तो तुम्ही करून बघावा असं माझं मत आहे. पहिलीपासून वाचायचं असेल तर दुसरी नीट समजून घ्यावी लागते.

आधी आत्याच्या नाण्याचा निकाल लावू. वैष्णोदेवीचं नाणं ही चूक नाहीच. देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सरकारने काढलेलं ते स्मरणार्थ नाणं, त्यावर २०१२ साल आहे. पाच आणि दहा रुपयांची अशी नाणी सर्रास व्यवहारात आली. जे नाणं भाजीवाल्याकडून सुट्ट्यात परत मिळतं, त्याला दहा लाख कोण देईल? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं होतं की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आमच्या नावाने ते मागण्याचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. एवढं एक वाक्य घरच्या ग्रुपवर टाकलंत तरी चालेल. तुमच्या नाण्यासाठी जो आधी तुमच्याकडेच पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नसतो.

आता खरी चूक म्हणजे काय ते बघू. नाणं कसं बनतं हे शाळेत कुणी शिकवत नाही. धातूच्या लांब पट्टीतून बिस्किटं कापावीत तशा गोल चकत्या कापतात. त्यांची कड जरा उचलून घेतात, भट्टीत तापवून नरम करतात. मग ती कोरी चकती वरच्या आणि खालच्या ठशाच्या मधे येते, भोवती एक कडं असतं आणि दाब बसतो. क्षणात नाणं तयार. हे प्रचंड वेगात, दिवसभर चालतं. इतक्या वेगात कधीतरी चकती कड्यात नीट बसत नाही आणि चित्र एका बाजूला सरकतं. कधी पट्टी पुरेशी पुढे सरकत नाही, त्यामुळे पुढची चकती कापताना आधीच्या भोकाचा घास तिच्यात येतो आणि नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच पडते. कधी ठसाच तडकतो. आणि कधी आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते. काकांनी दाखवलं ते हेच. आपल्याकडच्या जुन्या बाजारात त्याला 'लखी' म्हणतात, आणि व्यापारी ते शुभ मानून गल्ल्यात ठेवायचे. टांकसाळीची चूक ती आमची लक्ष्मी! हे मला फारच आवडलं.

अमेरिकेत हा छंद चांगलाच रुजलेला आहे. तिथे बँकेतून कागदात गुंडाळलेले नाण्यांचे रोल मिळतात, पेनीचा ५० चा, क्वार्टरचा ४० चा. लोक रोल घेतात, घरी बसून एकेक नाणं तपासतात आणि उरलेली परत भरतात. तिथलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९५५ च्या एका सेंटचं. ठसा बनवतानाच अक्षरं आणि तारीख दोनदा उमटली, त्यामुळे सगळं दुहेरी दिसतं. चूक टांकसाळीच्या लक्षात आली तोवर ती नाणी बाकीच्या ढिगात मिसळली होती, म्हणून तशीच बाहेर पडली. त्यातली बरीच सिगरेटच्या मशीनमधून लोकांच्या हाती आली, कारण २३ सेंटच्या पाकिटाचे दोन सेंट सुट्टे पाकिटाच्या वेष्टनातच घातलेले असायचे. ब्रिटनमध्ये २००८ साली तारीख एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर हलवताना जुना आणि नवा ठसा एकत्र लागला आणि २० पेन्सची नाणी तारखेशिवायच बाहेर आली. म्हणजे अशी नाणी राजवाड्यातून येत नाहीत. सुट्ट्यातूनच येतात.

आपल्याकडे कागदी रोल नाहीत, पाकिटं आहेत. १०० नाण्यांचं प्लास्टिकचं पाकीट. मी बँकेत गेले आणि पाच रुपयांच्या नाण्यांची दहा पाकिटं मागितली, म्हणजे ५००० रुपये, माझ्या स्टायपेंडचा मोठा तुकडा. मला वाटलं होतं कॅशियर कटकट करेल. झालं उलटंच. "अजून देऊ का? दहाची पण आहेत," असं त्या बाईंनी इतक्या प्रेमाने विचारलं की मलाच संकोच वाटला. आपण सगळे यूपीआयवाले झालो. पाच रुपयांचा वडा... माफ करा, पाच रुपयांत आता वडा येत नाही, पण पाच रुपयांची कोथिंबीरसुद्धा आपण स्कॅन करून घेतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तर क्यूआर कोड दाखवून नाणी देणारं मशीन आणण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेला करावी लागली. एक गोष्ट आधीच सांगते, बँकेच्या गर्दीच्या वेळी जाऊ नका. मागे पेन्शनच्या रांगेतले आजोबा उभे असतात, आणि त्यांचं काम आपल्या छंदापेक्षा महत्त्वाचं असतं.

घरी जुनी चादर पसरली, सोनाराकडे असतं तसं दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेतलं, टेबललॅम्प तिरका लावला. तिरका उजेड फार महत्त्वाचा, वरून सरळ पडणाऱ्या उजेडात काही दिसत नाही. नाणं कडेने धरायचं, पृष्ठभागाला बोट लावायचं नाही.

पहिल्या अर्ध्या तासात मला अकरा 'एरर' सापडले. अकरा! मी मैत्रिणीला मेसेजही केला. मग कळलं की त्यातलं एकही खरं नव्हतं. ते मुद्दाम सांगते, कारण तुमचंही हेच होणार आहे.

पहिली चूक, 'टांकसाळीची खूणच नाही!' सालाच्या खाली बारीक खूण असते. मुंबईचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका. आणि कोलकात्याची खूण नसते. मुळात नसतेच. म्हणजे 'खूण राहून गेलेलं दुर्मीळ नाणं' म्हणून जे विकायला काढतात, ते साधं कोलकात्याचं नाणं. दुसरी चूक, 'डिझाइन वेगळं आहे!' हो, असतंच. दहा रुपयांच्या नाण्याचंच घ्या. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की आजवर १४ वेगवेगळी डिझाइनं निघाली आणि सगळी चालतात, ₹ चं चिन्ह असलेलीही आणि नसलेलीही. अजूनही काही दुकानदार 'हे चालत नाही' म्हणून दहाचं नाणं परत करतात. त्यांना मी हल्ली १४ चा आकडा ऐकवते. नाणं घेतात की नाही ते त्यांच्या मूडवर.

तिसरी गल्लत जरा बारीक आहे, आणि या सगळ्या खेळाचं गमक तिच्यातच आहे. नाण्यावर रेघ दिसली की हरखून जाऊ नका. आधी विचारा, ती वर उठलेली आहे की आत खचलेली? ठसा तडकला की त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती तडा *उंच* रेघ होऊन उमटते. ओरखडा मात्र नाणं बनल्यावर पडतो, म्हणून तो *खोल* असतो. उंच असेल तर गोष्ट टांकसाळीत घडली, खोल असेल तर बहुधा पाकिटात, गल्ल्यात किंवा कुणाच्या चावीच्या जुडग्यात. माझ्या अकरापैकी सात नाणी या एका प्रश्नाने बाद झाली. दुहेरी अक्षरांचंही तसंच. ठशातलीच दुहेरी अक्षरं असतील तर दोन्ही प्रतिमा गोलाईदार आणि अक्षरांच्या टोकाला दुभंगलेल्या दिसतात. दाब बसताना ठसा जरासा हलला असेल तर अक्षराच्या बाजूला चपटी, घासल्यासारखी पायरी दिसते. ही दुसरी नाणी पैशाला पासरी, त्यांना जाणकार हात लावत नाहीत.

ठसा फिरला आहे का, हे बघायला तर भिंगही लागत नाही. सिंहमुद्रा सरळ धरा, आणि वहीचं पान उलटावं तसं नाणं बाजूने उलटा. आपल्या नेहमीच्या नाण्यांत मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती आडवी किंवा डोक्यावर उभी दिसली, तर ठसा मशीनमध्ये फिरलेला होता.

आणि मग लबाडी. जिथे हौस तिथे नकली माल. नाणं कानशीने घासून खाच पाडतात आणि 'चुकीचं कटिंग' म्हणून विकतात. याची एक मस्त परीक्षा आहे. खाच जर टांकसाळीतली असेल, तर तिच्या बरोबर समोरच्या बाजूची कडही जराशी दबकी, पुसट दिसते, कारण चकतीची कड उचलताना तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानस मारणाऱ्याला हे माहीत नसतं. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळली की उलटी खचलेली प्रतिमा उमटते, आणि 'लखी' म्हणून खपवतात. पण दाबाखाली त्या नाण्याचं मूळ चित्र चपटं झालेलं असतं, खऱ्या लखीची पुढची बाजू मात्र ठसठशीत असते. दोन्हीकडे छापा असलेलं, दोन्ही चित्रं सरळ असलेलं नाणं कुणी दाखवलं, तर आतल्या कडेजवळ बारीक सांधा शोधा. ते बहुतेक जादूगाराच्या खेळातलं निघतं. आणि वजन करा. बारा बाजूंचं २० रुपयांचं नाणं ८.५४ ग्रॅम भरतं. पातळ झालेलं, अक्षरं पुसट असलेलं नाणं त्यापेक्षा बरंच हलकं असेल, तर ते अॅसिडात बुडवलेलं असण्याची शक्यता मोठी.

आता मुद्दा प्रतीचा, म्हणजे ग्रेडिंगचा. नाणं किती वापरलं गेलं आहे, त्याची मूळ झळाळी किती शिल्लक आहे, यावर त्याची प्रत ठरते. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० असं माप सुचवलं, पुढे तेच जगभर रूढ झालं. ६० च्या वरचं म्हणजे व्यवहारात न वापरलेलं. आपले विक्रेते आकड्यांच्या भानगडीत फार पडत नाहीत, 'यूएनसी', 'एक्सएफ', 'व्हीएफ' अशी बाराखडी म्हणतात. बँकेच्या सीलबंद पाकिटातलं नाणं वापरलेलं नसतं, तरीही ते ७० नसतं, कारण पोत्यात नाण्यावर नाणं आपटून खुणा पडतात. दिव्याखाली नाणं हळूच फिरवलं की झळाळीचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. तो पट्टा उंच भागांवर, म्हणजे सिंहाच्या आयाळीवर वगैरे, तुटत असेल तर तिथे झीज सुरू झाली आहे. प्रत वेगळी आणि चूक वेगळी, दोन्ही लिहून ठेवायचं. चित्र सरकलेलं असेल तर किती टक्के सरकलं तेही, आणि साल दिसतं का ते आधी. साल दिसणाऱ्या नाण्याला जास्त मान.

आणि हात जोडून सांगते, साफ करू नका. चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट नको, देवाची भांडी घासायची पावडर तर नकोच नको. घासलेलं नाणं चकचकीत दिसतं आणि जाणकाराच्या नजरेत तिथेच मरतं. ठेवताना मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, काही काळाने त्यातून हिरवट चिकटा सुटतो.

तर माझ्या १००० नाण्यांतून शेवटी निघालं काय? तडकलेल्या ठशाची दोन नाणी आणि ठसा साधारण पंधरा अंश फिरलेलं एक. दोन रात्री, डोळ्यांची वाट, मानेला रग. ती तिन्ही घेऊन फोर्टातल्या काकांकडे गेले. त्यांनी भिंग लावलं, मान डोलावली, म्हणाले, "खरी आहेत." मग म्हणाले, "वीस-वीस रुपये देतो." मी नाही दिली. पण हिशोब तुम्हीच करा. लाख कुठे, साठ रुपये कुठे.

माझा आक्षेप नेमका इथेच आहे, आणि तो आपल्याच वयाच्या लोकांवर आहे. हे 'तुमच्या घरात लपलेत लाखो' वाले रील्स बनवणारे काही सगळेच ठग नाहीत. कित्येक जण तुमच्या-माझ्यासारखे कॉलेजातले, व्ह्यूज हवेत म्हणून दुसऱ्याची स्क्रिप्ट उचलून वाचणारे. ते पैसे मागत नाहीत. ते फक्त माझ्या आत्यासारख्यांच्या मनात लाखाचा आकडा पेरून ठेवतात, कापणीला दुसराच येतो. तुम्ही असं काही बनवत असाल तर किमतीचा आकडा काढून टाका. भिंगाखाली तडकलेला ठसा दाखवा ना, तोही व्हिडिओ भारीच होतो. आणि जाणकार संग्राहकांनीही जरा तोंड उघडायला हवं. बहुतेक चुकीच्या नाण्यांना फारसं मोल नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते आपसात बोलतात, बाहेर बोलत नाहीत, कारण आकड्यांच्या अफवेने दुकानात गर्दी होते.

कायद्याचंही भान ठेवा. २०११ च्या नाणेविषयक कायद्यानुसार नाणी वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यासाठी आपल्या वाजवी गरजेपेक्षा खूपच जास्त नाणी साठवून ठेवणंही त्यात बसत नाही. म्हणून पद्धत एकच ठेवा, शोधा आणि परत करा. मी ९९७ नाणी परत केली. काही बँकेत भरली, काही आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला दिली. त्याने तर मला सुट्ट्याच्या बदल्यात एक कॅडबरी द्यायची तयारी दाखवली, एरवी तोच सुट्टे नाहीत म्हणून माझ्या हातावर चॉकलेट टेकवतो.

ज्यांना यात पुढे शिरायचंय त्यांनी फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय एकदा बघा. नाशिककरांना तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था घराजवळ आहे, आणि पुणेकरांना बुधवार-रविवारचा जुना बाजार. बाजारात जाताना पहिल्या दोन फेऱ्यांत काही विकत घेऊ नका. नुसतं बघा, हातात घ्या, विचारा. न घेणाऱ्यालाच जास्त शिकवतात हे लोक, असा माझा अनुभव.

परवा आत्याकडे गेले होते. भिंग आणि माझी तीन नाणी सोबत नेली होती. तिने तडकलेल्या ठशाचं नाणं तिरक्या उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "वर आलेली रेघ आहे गं ही." मग उठून फडताळातला चिल्लरचा डबा आणला आणि चटईवर ओतला. वैष्णोदेवीचं नाणं त्यात नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "ते? ते दिलं मागेच, एसटीच्या तिकिटाला."

"कंडक्टरने घेतलं?"

"घेतलं की. पाच रुपयांना."